ठोसा झेलणारी मान

किन्शासाची लढत लोक आठव्या फेरीसाठी पाहतात. मला ती दुसऱ्या फेरीपासून सातव्या फेरीपर्यंत पाहायला आवडते, आणि तेही मुहंमद अलीच्या मुठींकडे न बघता त्याच्या हनुवटीपासून कानापर्यंतच्या वीतभर जागेकडे बघत. ठोसा मारण्याची कला शेकडो लढतींत दिसते. डोक्याकडे येणारा ठोसा कसा घ्यायचा, त्यातला किती आत पोचू द्यायचा आणि किती वाटेतच जिरवायचा, ही कला इतका वेळ आणि इतकी उघडपणे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते. खानदेशातल्या तालमीत ज्याने कधी मान कमावली आहे किंवा कमावताना पाहिली आहे, त्याला तर ही लढत आपल्याच घरची वाटावी.

तारीख ३० ऑक्टोबर १९७४. तेव्हाच्या झाईरेची राजधानी, पहाटे चारचा सुमार. अली बत्तीस वर्षांचा, समोरचा जगज्जेता जॉर्ज फोरमन पंचवीसचा. फोरमनच्या नावावर चाळीस लढती आणि चाळीस विजय, त्यातले सदतीस नॉकआउट. अलीला ज्या दोघांनी हरवले होते, त्या दोघांनाही फोरमनने दोन-दोन फेऱ्यांत संपवले होते. जो फ्रेझियरला जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला त्याने सहा वेळा खाली पाडले. केन नॉर्टनने मार्च १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला होता, त्याची तीच गत वर्षभराने कराकसमध्ये झाली. त्या पहाटे अली जिवंत परतेल ना, अशी भीती त्याच्या जवळच्या माणसांना होती. ती भीती खरी होती हे लक्षात ठेवूनच पुढचे पाहायला हवे, नाहीतर अलीने केले ते नुसते धाडस वाटते.

डोक्यावर ठोसा बसतो तेव्हा आत काय होते? मेंदूचे वजन सुमारे तेराशे-चौदाशे ग्रॅम, आणि तो कवटीच्या आत पातळ द्रवात तरंगत असतो. ठोशाने कवटी आधी हलते, मेंदू क्षणभर मागे राहतो. डोके सरळ मागे ढकलले गेले तरी इजा होतेच, पण सर्वांत घातक असते ते डोक्याचे गर्रकन फिरणे. हनुवटीच्या टोकाला बाजूने ठोसा लागला की डोके मानेवर फिरते, मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, पिळवटतात आणि शुद्ध हरपते. हनुवटी मानेपासून लांब आहे, म्हणून तिथे लागलेल्या थोड्या जोरानेही डोके जास्त फिरते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात ऑलिम्पिक मुष्टियोद्ध्यांना यंत्रे बसवलेल्या पुतळ्याच्या जबड्यावर ठोसे मारायला लावले होते. सरासरी जोर भरला सुमारे ३४०० न्यूटन, म्हणजे साडेतीनशे किलो वजनाच्या दाबाएवढा.

एवढा जोर कवटी टणक करून थोपवता येत नाही. मार खाऊन खाऊन डोक्याला सवय होते ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती साफ खोटी आहे. एकदा मेंदूला धक्का बसला की पुढचा धक्का बसायला कमी जोर पुरतो. माणसाच्या हातात तीनच गोष्टी असतात : डोके कुठे ठेवायचे, ते धडाशी किती घट्ट जोडायचे, आणि ठोसा किती वेळात अंगावर घ्यायचा. अलीने त्या पहाटे या तिन्ही गोष्टी केल्या.

पहिल्या फेरीत तो वेगळाच खेळला. डाव्या हाताने चाचपून न बघता एकदम उजव्या हाताचे सरळ ठोसे. फोरमनला त्याची अपेक्षा नव्हती. पण त्या तीन मिनिटांत अलीला कळून चुकले असावे की हा गडी रिंगण कापत येतो. आपण सहा पावले नाचायचे आणि त्याने दोन पावलांत वाट अडवायची, हे पंधरा फेऱ्या चालणार नाही. दुसऱ्या फेरीत तो आपण होऊन दोरांना जाऊन टेकला. त्याच्या कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी ओरडत होता, दोर सोड म्हणून. मुष्टियुद्धात दोरांना पाठ लावणे म्हणजे पळायची वाट स्वतःच्या हाताने बंद करणे.

इथून चित्रफीत हळू करून पाहावी. अलीचे दोन्ही हातमोजे कानांजवळ, कोपरे बरगड्यांना चिकटलेली, हनुवटी छातीकडे ओढलेली. तरुणपणी अली असा उभा राहत नसे. हात मांड्यांजवळ सोडून, हनुवटी वर ठेवून, नुसती मान मागे नेऊन ठोसा चुकवायचा हा त्याचा दिमाख होता. त्या दिमाखाची किंमत त्याने मोजलीही होती. १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरच्या डाव्या हुकने तो खाली बसला, आणि १९७१ मध्ये फ्रेझियरच्या तशाच हुकने पंधराव्या फेरीत पाठीवर पडला. किन्शासात तो दिमाख त्याने बऱ्याच अंशी बाजूला ठेवला. फोरमनचा डावा हात बाहेरून वळून येतो तेव्हा तो अलीच्या मोज्यावर, मनगटावर, दंडावर बसतो. मोठा आवाज होतो. दर आवाजाला प्रेक्षकांना वाटते, डोके फुटले. प्रत्यक्षात डोक्यापर्यंत पोचतो तो उरलासुरला जोर.

आणि तेवढ्यातही अली स्थिर नसतो. ठोसा ज्या दिशेने येतो त्याच दिशेने, त्याच्या किंचित आधी, डोके आणि खांदे जातात. पाठीमागचे दोर ताणले जातात आणि त्याला आणखी मागे जाऊ देतात. रावेर-सावद्याकडे ट्रकवर केळीचे घड चढवणारा गडी खालून आलेला घड हात ताठ ठेवून घेत नाही. हात मागे नेत, गुडघ्यात वाकत घेतो, म्हणून फळाला डाग पडत नाही. तोच जोर, पण जरा जास्त वेळात घेतलेला. अलीचे मागे झुकणे त्या जातीचे आहे. दोर मुद्दाम सैल केले होते असा आरोप फोरमनच्या गोटाने पुढे केला, डंडीने तो नाकारला आणि गरमीने दोर सैल पडल्याचे सांगितले. त्या वादात मला रस नाही. सैल दोरांचा असा उपयोग करायचे त्या क्षणी सुचणे, यात खरी प्रतिभा आहे.

डोळ्यांकडेही बघावे. ठोसा येताना सामान्य माणूस डोळे मिटतो आणि तोंड फिरवतो. त्याने दोन अनर्थ होतात : ठोसा दिसत नाही, आणि फिरवलेल्या तोंडामुळे हनुवटीची बाजू समोर येते. अलीचे डोळे हातमोज्यांच्या फटीतून सतत फोरमनच्या खांद्यांवर आहेत. आधी दिसलेल्या ठोशासाठी मानेचे स्नायू आपोआप आवळले जातात. डोके तेवढा क्षण धडाचा भाग होते, आणि मग ठोशाला चार-पाच किलोंच्या डोक्याऐवजी सगळा माणूस हलवावा लागतो. न दिसलेला ठोसा माणसाला झोपवतो असे मुष्टियोद्धे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, त्याचे कारण हेच.

माझ्या मते एका ठिकाणी अली चुकतो. फोरमन मारत असताना हा त्याच्या कानाशी बोलतो, डिवचतो, एवढाच का तुझा जोर म्हणून विचारतो. मनाच्या लढाईत त्याचा फायदा झाला असेल, पण बोलताना जबडा सैल पडतो. दातांतले रबरी कवच घट्ट चावून, श्वास नाकावाटे सोडत घेतलेला ठोसा आणि तोंड उघडे असताना घेतलेला ठोसा यांत जबडा मोडण्याएवढा फरक असतो. जबडा एकदा मोडून घेतलेल्या माणसाने तरी हा धोका पत्करायला नको होता.

आता खानदेशाकडे येतो. आमच्याकडे मुष्टियुद्धाची परंपरा कुस्तीएवढी खोल नाही. जळगाव-धुळ्याच्या गावांत जत्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल, आणि कुस्ती म्हटले की मान. सलामी झाली की खडाखडीत दोन्ही पैलवानांचे हात एकमेकांच्या मानेवर जातात. डोक्याला डोके भिडते, कपाळे फुटतात, कानांचा चुरा होतो. इथे ठोसा नाही, पण डोक्याला धक्का आहेच. म्हणून तालमीत जोर-बैठकांच्या बरोबरीने मान कमावली जाते : कपाळ मातीला टेकवून मान फिरवणे, जोडीदाराने मानेवर दिलेला भार उचलणे, पाठीवर आल्यावर डोके आणि पाय यांवर शरीर उचलून धरण्याचा ब्रिज. पडायचे कसे हेही शिकवतात. पाठीवर जाताना हनुवटी छातीला लागलीच पाहिजे, म्हणजे डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटत नाही. रस्त्यावरच्या मारामारीत पुष्कळदा एका ठोशाने माणूस मरतो, तो ठोशापेक्षा त्यानंतर डांबरावर किंवा फरशीवर डोके आपटल्याने. तालमीतल्या पोराला दहाव्या वर्षी शिकवलेली ही साधी गोष्ट आयुष्यात कधीतरी त्याचा जीव वाचवू शकते.

मानेचे हे मोल आता वैद्यकानेही मोजले आहे. अमेरिकेतल्या शाळांतले सहा हजारांहून अधिक खेळाडू घेऊन २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेची ताकद एका पौंडाने वाढली की मेंदूला धक्का बसण्याची शक्यता पाच टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. ते खेळाडू फुटबॉल, बास्केटबॉल आणि लॅक्रॉसचे होते, मुष्टियुद्धाचे नव्हते. तरीही आमच्या वस्तादांना त्यात नवे काही वाटू नये. कमावलेल्या मानेचे उदाहरण आमच्याकडेच आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. नरसिंग यादवनंतर अशी हॅटट्रिक साधणारा तो दुसरा. पुढे पोलीस दलात अधिकारी झाल्यावर २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस क्रीडास्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले. त्याचे कोणतेही छायाचित्र पाहा, कानापासून खांद्यापर्यंत मान एकाच रुंदीने खाली येते. ती मान शोभेची नाही. खुल्या गटातल्या पैलवानाने वर्षानुवर्षे मानेवर पेललेला तो भार आहे.

धुळ्यातल्या काही जुन्या पैलवानांना मी किन्शासाची ही चित्रफीत दाखवली होती. इंग्रजी समालोचन त्यांच्यासाठी बंदच ठेवले. अली मार खातो आहे याचे त्यांना फारसे काही वाटले नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीत दोघे मिठीत आले तेव्हा त्यांतले एक म्हातारे वस्ताद पुढे सरकून म्हणाले, "पाह्य, त्यानी मान दाबी राह्यना!" इतकी वर्षे ही लढत पाहूनही मी ज्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते, ते त्यांना पहिल्याच खेपेला दिसले. अली दर मिठीत हात फोरमनच्या मानेमागे टाकतो, त्याचे डोके खाली ओढतो आणि आपले सगळे वजन त्या मानेवर सोडतो. पंच झॅक क्लेटन सोडवतो, फोरमन पुन्हा मारत येतो, पुन्हा मिठी, पुन्हा मानेवर भार. आमच्याकडच्या खडाखडीत नेमके हेच चालते. समोरच्याची मान थकली की त्याचे पाय थकतात, नजर खाली जाते आणि डाव दिसेनासा होतो. मुष्टियुद्धाच्या नियमांत याला फारसा मान नाही, आणि कडक पंच असता तर अलीला ताकीद मिळाली असती. पण लढत वाचायची किल्ली तिथेच आहे. सहा फेऱ्या अली स्वतःची मान राखतो आणि समोरच्याची मान खर्ची घालतो.

पाचवी फेरी या सगळ्याचा कळस. फोरमन जवळजवळ पूर्ण फेरीभर मारतो. बरगड्या, दंड, खांदे, आणि मधूनच एखादा डोक्यावर. काही ठोसे खरेच लागतात, हे नाकारू नये. अलीने काहीच सोसले नाही असे म्हणणारे ती फेरी नीट बघत नाहीत. पण शेवटच्या अर्ध्या मिनिटात अली दोरांवरून उठतो आणि फोरमनच्या तोंडावर भराभर सरळ ठोसे मारतो, आणि तेव्हा दिसते की फोरमनचे हात खाली आले आहेत. मारण्यात दम जातोच, हवेत किंवा दंडावर मारण्यात जास्त जातो. सहाव्या-सातव्या फेरीत फोरमनचे ठोसे ढकलल्यासारखे होतात. आवाजसुद्धा बदलतो.

मग आठवी फेरी, शेवटचे काही सेकंद. अली दोरांवरून बाहेर येत उजव्या हाताने मारतो, मग एका डाव्या हुकने फोरमनचे डोके वर उचलतो, आणि त्या उचललेल्या डोक्यावर सरळ उजवा. दोन मिनिटे अठ्ठावन्न सेकंद. त्या क्षणी फोरमनकडे बघितले तर अलीने रात्रभर जे जे टाळले ते सगळे त्याच्या अंगावर एकदम दिसते. हनुवटी वर, हात उघडे, मान थकलेली, आणि बहुधा तो शेवटचा ठोसा नीट दिसलाही नसावा. ठोसा कसा घ्यावा आणि कसा घेऊ नये, दोन्हीचे पाठ एकाच लढतीत, एकाच रिंगणात.

फोरमन गिरकी घेत पडायला लागतो तेव्हा अलीचा उजवा हात पुन्हा तयार असतो. मारायला पूर्ण मोकळीक असते. तो मारत नाही. पडणाऱ्या माणसाभोवती अर्धा वळसा घेत, हात तसाच ठेवून, त्याला पडू देतो. सगळ्या चित्रफितीत मला हा क्षण सर्वांत सुंदर वाटतो. पडणाऱ्या माणसाच्या मानेत काही उरलेले नसते. त्या डोक्यावर बसलेला ठोसा पूर्णच्या पूर्ण आत जातो. स्वतःचे डोके इतक्या बारकाईने जपणाऱ्याला समोरच्या डोक्याचीही किंमत कळली होती, असे मला मनापासून वाटते.

पण एवढी मान, एवढी नजर असूनही हिशेब पूर्ण चुकता होत नाही, आणि अलीचे पुढचे आयुष्य लपवून हे रसग्रहण करणे अप्रामाणिकपणाचे होईल. किन्शासाने त्याला मार घेता येतो याची खात्री पटवली, आणि ती खात्रीच त्याला महाग पडली. सरावातही तो साथीदारांना स्वतःवर मारू देत असे. १९७५ मध्ये मनिलाला फ्रेझियरबरोबरच्या चौदा फेऱ्या, १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सचे भयंकर ठोसे. त्या लढतीनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको सल्ला मानला जात नाही म्हणून त्याला सोडून गेले. १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर तो पुन्हा हात वर घेऊन उभा आहे, पण नजर ठोशाच्या मागे पडली आहे. दहाव्या फेरीनंतर डंडीने लढत थांबवली. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचे निदान झाले, तेव्हा अली बेचाळीस वर्षांचा होता. ते मुष्टियुद्धानेच झाले का, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. पण मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूचे काय होते हे तोवर अज्ञात नव्हते. हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच त्यावर लिहिले होते, आणि किन्शासाच्या आदल्या वर्षी, १९७३ मध्ये, कॉर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा निवृत्त मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासून झीज दाखवून दिली होती. डोक्यावरच्या शिरस्त्राणाने हे टळत नाही. ते कातडी फाटणे वाचवते, मेंदूचे आत फिरणे थांबवत नाही. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय हौशी मुष्टियुद्धात प्रौढ पुरुषांचे शिरस्त्राण काढून टाकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याविनाच लढले.

म्हणून आमच्या जत्रांतल्या दंगलींबद्दल माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. डोक्याला डोके आदळून पोरगा क्षणभर बावरला, नाव-गाव विचारल्यावर अडखळला, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाला, तर त्या दिवशी त्याची कुस्ती संपली. बिदागी कितीही मोठी असो. धक्का बसलेल्या मेंदूला सावरण्याआधी दुसरा धक्का बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, झोप अनावर झाली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर गावच्या डॉक्टरकडे वेळ न दवडता थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे. कवटीत साचणारे रक्त कधीकधी तास-दोन तास काहीच दाखवत नाही, माणूस बोलतो-चालतो आणि मग कोसळतो. मानेच्या मेहनतीतही घाई नको. ब्रिजवर अंगाचा सगळा भार टाकणे लहान पोरांच्या कामाचे नाही.

त्या पहाटे हरलेल्या माणसाची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. फोरमनने १९७७ मध्ये मुष्टियुद्ध सोडले, धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी परतला. परतलेला फोरमन जाडजूड आणि संथ होता, आणि त्याची ढाल वेगळी होती : दोन्ही हात तोंडासमोर आडवे, एकावर एक, हनुवटी त्यांच्या मागे. आर्ची मूर या जुन्या विजेत्याची ही पद्धत. किन्शासात मूर फोरमनच्याच कोपऱ्यात होता. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास वेगासला मायकेल मूररविरुद्ध फोरमन नऊ फेऱ्या मागे पडत होता, पुष्कळ ठोसे खात होता, पण त्या आडव्या हातांच्या मागे हनुवटी जपून. त्याच्या कोपऱ्यात आता अँजेलो डंडी होता. दहाव्या फेरीत मूररच्या हनुवटीपुढची वाट मोकळी सापडली आणि फोरमनचा उजवा तिथे गेला. तेव्हा त्याचे वय पंचेचाळीस होते, आणि तो पुन्हा जगज्जेता झाला.